दोनशे चौदा नंबरचं कपाट

खात्यात तिला सगळे भिंतबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. बावीस वर्षं नोकरी करून हवालदाराच्या पुढे न सरकलेल्या बाईसाठी कुणी आवाज खाली आणत नाही. तिनंही त्या नावाचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. दिवसाचे आठ तास भिंतीच बघायच्या तर दुसरं काय म्हणणार?

तिची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला, झेरॉक्सच्या खोलीला लागून होती. पूर्वी तिथे फुटकी हेल्मेटं आणि तडे गेलेल्या ढाली टाकत. लहान मुलांचं लैंगिक शोषण करून त्याचे फोटो पसरवणाऱ्यांचा माग काढायला वेगळा कक्ष हवा, असा वरून आदेश आला. तेव्हा साहेबांनी ही खोली झाडून घेतली आणि दारावर पितळेची पाटी ठोकली. पाटी खोलीपेक्षा चांगली होती. आत दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, एक आवाज करणारा पंखा आणि काम करायला दोन बायका. एक ही, आणि दुसरी कंत्राटावर घेतलेली सव्वीस वर्षांची इंजिनिअर मुलगी. पुरुषांपैकी कुणीच आलं नाही. आमच्या घरी लहान मुलं आहेत, आम्हाला हे बघवणार नाही, असं त्यांनी हळव्या चेहऱ्यानं सांगितलं. हवालदारणीच्या घरीही मुलगा लहानाचा मोठा झाला होता, पण तिला कुणी विचारलं नाही. साहेब म्हणाले, बायकांना या गोष्टींची जाण जास्त असते. आणि पाटीसमोर उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला.

काम असं चाले. परदेशातल्या कुठल्याशा केंद्राकडून फोटोंचे गठ्ठे येत. कुणाचे, कुठले, काही माहिती नसे. आधी कधी सापडलेले फोटो यंत्र आपोआप ओळखून बाजूला काढी. जे नवे उरत ते इंजिनिअर मुलगी एकटी बघे, ओठ घट्ट मिटून, आणि प्रत्येक फोटोतल्या मुलावर राखाडी चौकोन चढवी. मग ते हवालदारणीच्या पडद्यावर येत. ही पद्धत हवालदारणीनंच घालून दिली होती. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की मुलाकडे बघितलं की डोळ्यांत पाणी येतं आणि मागचं काही दिसेनासं होतं. तेव्हा मूल झाकायचं आणि उरलेली खोली आपली. बटणांचा बोर्ड कुठल्या जातीचा, खिडकीचे गज उभे की आडवे, ओल वरून उतरलीय की खालून चढलीय, उजेड कुठल्या बाजूनं येतो. दोन वर्षांत तिनं असं बघून तीन मुलं शोधून दिली होती. एक तर नुसत्या इस्पितळाच्या चादरीच्या पट्ट्यांवरून. त्या तिन्ही वेळा साहेबांनी पत्रकारांना बोलावलं, जप्त केलेले कॉम्प्युटर टेबलावर मांडले आणि अत्याधुनिक तंत्रज्ञानाचे आभार मानले. तंत्रज्ञान तेव्हा झेरॉक्सच्या खोलीत जाऊन डबा खात होतं.

चौथी मुलगी मात्र सापडत नव्हती. त्रेसष्ट फोटो, सगळे एकाच खोलीतले. इंजिनिअर मुलीनं तिला जरुरीपुरतं सांगितलं होतं. पहिल्या फोटोत पोरगी सहा-सात वर्षांची, दुधाचे दात असलेली. शेवटच्यात पुढचे दोन मोठे दात आलेले. म्हणजे दोन वर्षं हे चाललं होतं, आणि शेवटचा फोटो पाच आठवड्यांपूर्वीचा होता. म्हणजे आजही चालू होतं. खोलीत बघण्यासारखं फार नव्हतं. पांढरी भिंत, बंद खिडकी, आणि एका कडेला लोखंडी कपाटाची बाजू, तिच्यावरून लोंबणारा फुलाफुलांचा कपडा. त्रेसष्टही फोटोंत तो कपडा तसाच.

त्या मंगळवारी चौसष्टावा फोटो आला. त्यात कपडा घसरला होता.

कपड्याखाली हिरवा रंग होता, आणि हिरव्यावर पिवळ्या रंगात आकडा. दोनशे चौदा. आकड्याखाली दोन आडव्या रेघा. इंजिनिअर मुलगी म्हणाली, मावशी, हा कंपनीचा नंबर असेल का, शोधू का मी?  हवालदारणीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दोन रेघा मारायची खोड खात्याच्या पेंटरची होती. त्या रेघा मारताना रंगाचा डबा ती स्वतः धरून उभी राहिली होती. या कक्षात यायच्या आधी तिनं अकरा वर्षं त्याच इमारतीच्या तळघरात, रेकॉर्ड रूममध्ये काढली होती, आणि दोनशे चौदा नंबरच्या कपाटात फसवणुकीच्या गुन्ह्यांच्या फायली असत. वरचा कप्पा किंचित वाकलेला होता.

ती तळघरात गेली. कपाटं, टेबलं, खुर्च्या यांची नोंद ठेवायचं डेडस्टॉक रजिस्टर अजून तिथेच होतं. पान उघडायच्या आधीच त्यावर काय लिहिलंय हे तिला ठाऊक होतं, तरी तिनं बोट ठेवून वाचलं. कपाटं लोखंडी, क्रमांक दोनशे दहा ते दोनशे चौदा, निरुपयोगी, मोडून भंगारात काढली. मोडताना समक्ष हजर, आणि खाली सही. सही ठसठशीत होती, नव्या नवरीसारखी मिरवणारी. तिची स्वतःची.

एकही कपाट मोडलं नव्हतं. खात्यात कुठलंच कपाट कधी मोडत नसे. चांगलं धडधाकट सामान कागदावर मोडायचं आणि ट्रकमध्ये घालून कुणाकुणाच्या घरी पोचवायचं, याला तिथे चोरी म्हणत नसत. याला सोय म्हणत. टेबल, पंखे, सतरंज्या, एकदा तर पाण्याची अख्खी टाकी अशीच मोडली होती. त्या वर्षी भांडार ज्यांच्याकडे होतं तेच आता या कक्षाचे साहेब होते. त्यांनी कागद पुढे सरकवला, हिनं सही केली. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं होतं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावूनच तो म्हणाला होता, सगळेच करतात. तिला ते पटलं होतं, हेच आता तिला सर्वांत लागलं. तीही त्या सगळ्यांतलीच होती. सगळ्यांतलं असण्याइतकं मऊ अंथरूण दुसरं नाही, आणि त्यावर ती नऊ वर्षं गाढ झोपली होती.

ती साहेबांकडे गेली. केबिनमध्ये कसल्यातरी कापडी फलकाचा नमुना टेबलावर पसरला होता. दुसऱ्या दिवशी बालसुरक्षेवर कार्यशाळा होती आणि फलकावर आपला फोटो मंत्र्यांच्या फोटोपेक्षा किती लहान असावा, हे साहेब बोटांनी मोजत होते. तिनं चौसष्टावा फोटो समोर ठेवला. साहेबांनी राखाडी चौकोन बघितला, आकडा बघितला, आणि पुन्हा फलकाकडे वळले.

"हे कपाट मोडलंय, बाई," ते म्हणाले. "रजिस्टरला तशी नोंद आहे. तुम्ही हजर होतात."

"मी हजर नव्हते, साहेब. तुम्हीही नव्हतात."

साहेबांनी दार नीट लागलंय का ते बघितलं. मग आवाज मऊ केला. तिच्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, खोटी नोंद म्हणजे खात्याची चौकशी, पेन्शनला हात लागेल, मुलाचं लग्न ठरायचंय, असं बरंच काही ते तिच्याच काळजीनं बोलले. इतकी काळजी त्यांनी बावीस वर्षांत कधी केली नव्हती. पोरगी सापडायला हवी याबद्दल त्यांचं दुमत नव्हतं. फक्त कागद न उकरता सापडायला हवी. त्यावर त्यांनी उपायही काढला. पाचही कपाटं आपल्याच माणसांकडे गेली होती. उद्या कार्यशाळा उरकली की दुपारी मी एकेकाला फोन करतो आणि सहज विचारतो, तुमच्याकडच्या कपाटाचा नंबर काय म्हणून.

 पंचवीस वर्षं गुन्हे तपासलेला माणूस गुन्हेगाराला फोन करून नंबर विचारणार होता. आणि यात बेरकीपणा नव्हता, हेच भयंकर होतं. आपल्या माणसाच्या घरी जायचं तर आधी कळवायचं, इतकं साधं वळण होतं ते. परक्याचं दार ते लाथेनं उघडत आणि ओळखीच्याचं फोननं. एका फोननंतर त्या घरात ना फोटो उरले असते ना यंत्र, आणि त्या मुलीला काय काय दटावलं गेलं असतं त्याचा विचार हवालदारणीला करवेना.

तिनं नावं विचारली. साहेब म्हणाले, आता कुठली आठवतात, बघून सांगतो.

उद्या दुपारपर्यंत वेळ होता.

संध्याकाळी ती जुन्या ड्रायव्हरकडे गेली. ट्रक त्यानं चालवला होता. आता निवृत्त होऊन एका पेट्रोल पंपावर खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची टायरं कशी झिजलीत ते न विचारता सांगायचा. तिला बघून म्हणाला, या ताई, भिंती संपल्या वाटतं. तिनं कपाटांचं विचारलं तेव्हा तो खूश झाला. माणसांची तोंडं तो विसरे, पण ओझी विसरत नसे. एक साहेबांकडे, एक त्यांच्या मेहुण्याकडे, दोन एका डॉक्टरच्या दवाखान्यात, आणि एक हेडक्लार्ककाकांकडे, तिसऱ्या मजल्यावर.

"त्या जिन्यानं माझी कंबर घेतली, ताई. वळणावर कपाट अडकलं. दार काढून न्यावं लागलं, त्यात वरची बिजागरी गेली. मी तारेनं बांधून दिलं, म्हटलं काका, येतो एकदा वेल्डिंग करून द्यायला. राहूनच गेलं."

तिनं पर्समधून घडी केलेला कागद काढला. त्यावर फक्त कपाटाची बाजू छापली होती, बाकी सगळं कात्रीनं कापून टाकलेलं. ड्रायव्हरनं कागद लांब धरला, जवळ धरला. वरच्या कोपऱ्यात दाराच्या कडेला तारेचे तीन वेढे दिसत होते. हो, म्हणाला तो, माझाच हात. कशाला हवंय? तिनं सांगितलं. ड्रायव्हरनं कागद घाईघाईनं परत केला आणि हात पँटला पुसले.  ती निघाली तेव्हा म्हणाला, कुठे लिहून द्यायचं असलं तर बोलवा, मला आता कोण काय करणार.

हेडक्लार्ककाका. खात्यातल्या निम्म्या लोकांच्या सेवापुस्तकांत त्यांचं अक्षर होतं. कुणाची रजा बसवून दिलेली, कुणाची बदली रोखलेली, साहेबांच्या एका चौकशीचं उत्तर तर त्यांनीच लिहून दिलेलं. निवृत्तीनंतर ते शेजारच्या मुलांना फुकट गणित शिकवत. किती निर्मळ माणूस, असं सगळे म्हणत. कुणी काही फुकट करत असलं की लोक त्याच्या खोलीत डोकावत नाहीत.

त्या रात्री जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं. तो हात धुऊन आला, पुन्हा बसला. म्हणाला, तेव्हा तू मला विचारलं होतंस, मी नको म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, मी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मग त्यानं आतून कोऱ्या कागदांचं पॅड आणून तिच्यासमोर ठेवलं आणि ताटं स्वतः उचलली.

सकाळी साडेनऊला ती सरकारी वकीलबाईंच्या दारात होती. वकीलबाई खाष्ट म्हणून प्रसिद्ध. पोलिसांचे कागद दोन बोटांत धरून, मेलेलं झुरळ उचलावं तशा बघायच्या. तिचा जबाब मात्र त्यांनी उभ्यानंच दोनदा वाचला. खोटी नोंद केली, कपाट मोडलं नव्हतं, ते अमुक ठिकाणी पोचवलं गेलं, ड्रायव्हर साक्षीला आहे, आणि तेच कपाट चौसष्टाव्या फोटोत आहे. वकीलबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. याच्यावर सही केलीत की तुम्ही अडकलात, म्हणाल्या. हवालदारीण म्हणाली, केली आहे, बघा खाली.

न्यायाधीशांनी झडतीचं वॉरंट दिलं तेव्हा साडेअकरा वाजले होते. साहेब कार्यशाळेत दीपप्रज्वलनाच्या रांगेत उभे होते आणि फोन बंद ठेवायची सूचना त्यांनी स्वतःच काढली होती. म्हणून त्यांना कळवता आलं नाही, असं वकीलबाईंनी कागदावर स्वच्छ लिहून ठेवलं. झडतीला एक तरुण महिला फौजदार आली, साध्या कपड्यांत. हवालदारीण, इंजिनिअर मुलगी आणि दोन पंचही साधेच. जिन्यात हवालदारणीनं पुन्हा एकदा सगळ्यांना बजावलं. चालू यंत्र बंद करायचं नाही, वायर उपटायची नाही. मागे एका झडतीत एका हुशार शिपायानं वीज वाचवायला म्हणून कॉम्प्युटर बंद केला होता आणि चार महिन्यांचा पुरावा त्या बटणाबरोबर गेला होता. आणि मुलगी भेटली तर तिला कुणी काही विचारायचं नाही. तिला काय विचारायचं ते एकदाच, शिकलेल्या माणसानं, बंद खोलीत विचारायचं. जिन्यात नाही.

काकांनी दार उघडलं. हातात मटारची शेंग होती. झडतीचा कागद त्यांनी सरावलेल्या नजरेनं वाचला, तारीख, शिक्का, सही. घाबरले नाहीत, ओशाळलेही नाहीत. दुखावले. "साहेबांनी आधी फोन तरी करायचा," ते म्हणाले. "आपल्यात अशी पद्धत नाही."

आतल्या खोलीची भिंत तिला पाठ होती. ओल कुठे असेल तेही ठाऊक होतं, आणि ती तिथेच होती. इंजिनिअर मुलगी चालू कॉम्प्युटरसमोर बसली, एकेक पायरी पंचांना मोठ्यानं सांगत नक्कल करू लागली. थोड्या वेळानं ती थांबली आणि नुसती होकारार्थी मान हलवली. फोटोतली मुलगी खालच्याच मजल्यावरच्या भाडेकरूंची निघाली. फौजदार खाली गेली. आईनं दारातच सांगितलं, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय, काका तिला आजोबांसारखे आहेत. मग फौजदार काहीतरी हळू बोलली, आणि आईनं दार पूर्ण उघडलं. हवालदारणीनं मुलीला बघितलं ते फक्त पाठमोरं, शाळेचा एक मोजा खाली घसरलेला. ते पुरे होतं. तिनं मान वळवली.

इमारतीत दुसऱ्या दिवसापासून बोलणी सुरू झाली. काकांनी काय केलं यापेक्षा बाईनं काय केलं हा विषय जास्त चवीचा होता. घरचं घरात ठेवता आलं असतं. रजिस्टर कोर्टात नेणं म्हणजे खात्याच्या पोटावर पाय. तिचं साहेबांशी काहीतरी जुनं दुखणं असेल. हे बोलणाऱ्यांतल्या प्रत्येकाच्या घरी एखादं मोडलेलं टेबल होतं, आणि त्याच टेबलावर जेवून ते नीतीवर बोलायला येत होते. साहेबांनी तरीही पत्रकारांना बोलावलं. त्यात रजिस्टर नव्हतं, ड्रायव्हर नव्हता. तंत्रज्ञान मात्र होतं.

सव्वा महिन्यानं तिची खात्याची चौकशी लागली. चौकशी अधिकारी भला माणूस होता, म्हणजे त्याला लवकर घरी जायचं होतं. त्यानं तिच्यासाठी वाट काढून ठेवली होती. टाइप केलेला कागद तिच्यापुढे ठेवला. गर्दीच्या कामात, नोंद न वाचता, नजरचुकीनं सही झाली. यावर सही करा, ताकीद देऊन प्रकरण मिटतं, पेन्शन शाबूत. साहेबांचंही तेच म्हणणं आहे, असं तो आपुलकीनं म्हणाला.

तिनं कागद वाचला. दोन महिने आधी कुणी हाच कागद दिला असता तर तिनं डोळ्यांना लावला असता. पण आदल्या दिवशी वकीलबाईंनी तिला बोलावून एक गोष्ट समजावली होती. काकांच्या वकिलाची सगळी भिस्त एकाच प्रश्नावर होती. या बाईला नोंदी न वाचता सह्या करायची सवय असेल, तर कपाट कुठलं, नंबर कुठला, हेही ती न बघताच सांगत असेल. मग झडतीच कशाच्या जोरावर झाली? झडती बेकायदा ठरली की त्यात सापडलेलं सगळं गेलं. खालच्या मजल्यावरच्या मुलीला मग कोर्टात उभं राहून एकटीनंच सगळं सिद्ध करावं लागलं असतं, नऊ वर्षांच्या तोंडानं. तिची नजर चुकली नव्हती. खटल्याला तिची नजर हवी होती, आणि नजर शाबूत ठेवायची तर खोटेपणा कबूल करणं भाग होतं.

"हे खरं नाही," ती म्हणाली. "मी नोंद वाचली होती. कपाट बाहेर ट्रकमध्ये चढत होतं, ते मी भांडाराच्या खिडकीतून बघत होते. आणि बघत असतानाच सही केली."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. याचा अर्थ कळतो ना तुम्हाला, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, कळतो. निवृत्तीच्या वयात माणूस जितका शांत दिसू शकतो तितकी ती शांत दिसत होती. टेबलाखाली मात्र तिनं दोन्ही पावलं एकमेकांवर घट्ट दाबून धरली होती. तिनं टाइप केलेला कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःच्या हातानं लिहायला घेतलं. जाणूनबुजून, संपूर्ण माहिती असताना, कुणाच्याही दडपणाशिवाय. शेवटचे दोन शब्द लिहिताना तिला साहेब आठवले. दडपण होतंच म्हणा, पण इतकं नव्हतं की त्याच्याआड लपावं. तिनं ते शब्द तसेच ठेवले, पुढच्या ओळीत कागद पुढे सरकवणाऱ्याचा तेव्हाचा हुद्दा लिहिला, आणि खाली सही केली.

कारकुनानं कागद घेतला, साहेबांच्या हुद्द्यापाशी क्षणभर अडखळला आणि विचारलं, याच्या किती प्रती काढू?

"तीन," ती म्हणाली. "एक वकीलबाईंना आजच पाठवा."